गजाननच्या गाठी

आमच्या मेडिकल होस्टेलच्या खोलीत गाठ न मारलेली वस्तू शोधावी लागायची. खिडकीचे गज, बादलीची कडी, माझा टूथब्रश, सगळीकडे काळा धागा. एका सकाळी उठलो तर माझ्या पायाचा अंगठा पलंगाला बांधलेला.

"काय करून राहिला बे गजा?"

"हलू नको. टाक्याची एका हाताची गाठ पक्की करून राहिलो."

गजाननची आई अकोल्याच्या बाजारात भाजी विकायची. वडील लवकर गेले. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या आणि मग शाळेत जायचं, असं त्याचं लहानपण. मी नांदगाव पेठच्या गिरणी कामगाराचा पोरगा. दोघांच्याही घरात आमच्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं, हे सांगायला मला अजूनही आवडतं. पुढच्या शिक्षणाला त्याला सर्जरी मिळाली, मला भूलशास्त्र.

मग कोरोना आला. ठरलेली ऑपरेशनं बंद झाली. तातडीची जी व्हायची, ती मोठे सर कमीत कमी माणसांत उरकायचे. गजानन कोविड वॉर्डात ऑक्सिजनचे आकडे लिहीत बसला. श्वासनळीत नळ्या घालून घालून माझे हात तयार झाले, त्याच्या हाती सुई येईना.

"हात विसरून राहिले बे," तो म्हणायचा.

"मंग सांभार बांध," मी हसायचो. ते हसणं आज मला टोचतं.

कारण तो बांधतच होता. वॉर्डात कुणी गेलं की त्यांचं डोरलं, चष्मा, मोबाइल पुसून पिशवीत घालायचा, नावाची चिठ्ठी लावायचा आणि वर तीच गाठ. "मायी गाठ सुटत नाही. घरच्याईले सारं बरोबर भेटलं पाह्यजे," असं तो सिस्टरांना म्हणायचा. मला हे त्यांच्याकडून कळलं, तेही फार उशिरा.

डिग्री वेळेवर मिळाली. त्याच्या आईने अख्ख्या बाजाराला पेढे वाटले. टोपल्या उचलून उचलून तिला हर्निया झाला होता आणि तीन वर्षं तिने कोणत्याच डॉक्टरला हात लावू दिला नव्हता.

"आता मायाच पोरगा कापीन," ती मला म्हणाली.

गजानन तिच्यापुढे खाली बसला. "आई, मले येत नाही."

"सर्जन झाला ना तू?"

"कागदावर झालो. एकट्यानं एकबी हर्निया नाही केला."

आईने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. "मंग शिक. मी थांबीन."

बरोबरीचे आपापल्या दवाखान्यांना पाट्या लावत होते, तेव्हा हा अमरावतीत एका जुन्या सरांच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थ्यासारखा उभा राहिला. दीड वर्ष.

गेल्या हिवाळ्यात आई टेबलावर झोपली. कमरेखालची भूल मी दिली, म्हणून ती जागी होती. सर समोर नुसते उभे होते.

"गजू, हात थरथरून तं नाही ना राहिले?" पडद्याआडून आईने विचारलं.

"नाही, आई."

त्यानेच कापलं, त्यानेच जाळी बसवली, त्यानेच शिवलं. सातव्या दिवशी टाके काढले. जखम कोरडी होती.