माया संस्कृतीतली लिफ्ट

बायकोशी बोलायला विषय मिळावा म्हणून माणसाने थेट मेक्सिकोला जावं का? जाऊ नये. पण हे मला वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात कुणी सांगितलं नाही.

आमची लेक इरा नोकरीसाठी मेलबर्नला गेली आणि घरातलं बोलणंही सोबत घेऊन गेली. मागे उरलं ते, "उद्या रिसायकलिंग आहे," आणि, "हीट पंप बंद केलास का?" (दोन्ही वाक्यं माझी. नीलांबरी नुसती मान हलवायची.) हॉस्पिटलच्या फार्मसीत ती दिवसभर पेशंटांशी गोड बोलते, घरी येते तेव्हा स्टॉक संपलेला असतो. दोन सोफ्यांवर दोघं असेच मुक्याने म्हातारे होणार, अशी मला खरोखरच भीती वाटायला लागली होती.

म्हणून एका टूर कंपनीच्या मीटिंगला गेलो. प्राचीन माया अवशेष, ग्रुप टूर, सोबत इथलाच किवी गाइड. त्याचं नाव ब्रेट, पण तो स्वतः सांगतो 'ब्रिट'. इथे टेनचं टिन होतं आणि बेडचं बिड. नवीन माणसाची तारांबळ उडते. मी मात्र वेलिंग्टनच्या सरकारी खात्यात जन्म काढलेला. किवी उच्चार मला तोंडपाठ. (ऑफिसात नवीन देशी पोरांना मीच शिकवतो.)

मी त्याला एवढंच विचारलं, की बायकोचे गुडघे दुखतात, ती पिरॅमिडवर चढणार कशी?

"नो वरीज, मेट," ब्रेट म्हणाला. "टेक द लिफ्ट. हीप्स ईझियर." (हीप्स म्हणजे पुष्कळ.)

घरी येऊन मी जाहीर केलं, "पिरॅमिडला लिफ्ट आहे."

"हजार वर्षांपूर्वीच्या पिरॅमिडला?"

कित्येक महिन्यांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न! त्या आनंदात मी ती लिफ्ट काचेची करून टाकली. आत एसी, खाली जंगल. नीलांबरी चक्क हसली. "मग येते मी," म्हणाली. "वर जाऊन बघायचंय मला." विमानातसुद्धा ती माझ्याशी बोलत होती.

पिरॅमिडपाशी पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ग्रुपमधली निवृत्त किवी मंडळी जँडल्स (म्हणजे आपल्या स्लिपर) घालून टणाटण वर निघाली. मी लिफ्टची रांग शोधत पिरॅमिडला एक अख्खी प्रदक्षिणा घातली. एक घोरपडीसारखा प्राणी दिसला. लिफ्ट दिसली नाही. शेवटी सगळ्यांदेखत ओरडलो, "ब्रेट! लिफ्ट कुठाय?"

त्याने हात डावीकडे केला. तिथे जरा कमी उंचीच्या पायऱ्या होत्या आणि धरायला एक दोर.

"हे लेफ्ट झालं. लिफ्ट कुठाय?"

"यिप," ब्रेट म्हणाला. "द लिफ्ट."

सगळा ग्रुप पोट धरून हसला. नीलांबरी हसली नाही. तिने दोर धरला, चार पायऱ्या चढली, गुडघा दाबत खाली बसली आणि मान फिरवून जंगलाकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. ती वर गेली नाही याचं तर होतंच, पण ती पुन्हा गप्प झाली याचं जास्त.

मी शेजारी जाऊन बसलो. "सॉरी. मला नीट ऐकू आलं नाही."

"तुला कधी ऐकू येतं, रमण?" ती जंगलाकडे बघतच म्हणाली. "माया बघायचेत असं मी म्हटलं तरी होतं का? मागे तुला किती हौसेने सांगितलं होतं, मला एकदा पेरू बघायचाय म्हणून."

मला एकदम हायसं वाटलं. निदान हे तरी माझ्या लक्षात होतं.

"हा मात्र अन्याय आहे हं," मी म्हणालो. "वेलिंग्टनला फळं म्हणजे जिकडेतिकडे नुसते फिजोआ. तरी दुसऱ्याच दिवशी ऑकलंडहून मागवून किलोभर पेरू आणले होते मी!"

तिने मान माझ्याकडे फिरवली.

"देश, रमण," ती म्हणाली. "पेरू देश."

मग ती उठली, दोर धरला आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढत माझ्यापासून लांब जायला लागली. एकदाही थांबली नाही.

"मी येऊ का?" मी खालून ओरडलो.

बऱ्याच उंचावरून ती काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही, पण मी "हो, हो" म्हणून टाकलं.