सक्तीची आई

"क्लासची एक ओळही मी हाताने लिहिणार नाही," प्रोग्रामरांतल्या धाकटीने साहेबांना छातीठोक सांगितलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची माहिती कशी असावी, याचे नियम तिने एका एक्सएमएल स्कीमात बसवले होते. तो स्कीमा एका टूलच्या तोंडी दिला की सगळे क्लास, म्हणजे प्रोग्रामचे साचे, आपोआप बाहेर. विटा पडाव्यात तसे.

"बघा हं," साहेब म्हणाले. "आज फसलं तर मोठे डॉक्टर जुन्या पद्धतीवर जातील, आणि तुम्ही प्रिंटर दुरुस्तीवर."

म्हणून पहिली पेशंट तिने खात्रीची आणली. स्वतःची आई.

काउंटरवरच्या ताईंनी पेशंटचं, म्हणजे आईचं नाव, वय टाकलं. मग तिच्या आईचं. लगेच पडद्याने त्या आईच्याही आईचं नाव मागितलं.

"हेही लागतं?"

"लागत असेल, काकू. मशीन सोडत नाहीये."

आई खुलली. तिच्या माहेरची एवढी चौकशी आजवर कुणी केली नव्हती, व्याह्यांनीसुद्धा नाही. आजी झाली, पणजी झाली.

"पणजीचं वय?"

"अगं, ती कधीच गेली."

"वय सक्तीचं आहे, काकू."

रांग दारापर्यंत गेली. मागून एक काका म्हणाले, "ताई, डोळे तपासायचेत की सोयरीक जमवायचीय?"

तेवढ्यात मोठे डॉक्टर बाहेर आले. "काय अडलंय?"

"खापरपणजी," ताई म्हणाल्या.

तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात उजेड पडला. लहान मुलांसाठी म्हणून तिनेच नियम केला होता: प्रत्येक व्यक्तीला आई हवीच. आणि आईही व्यक्तीच! टूलने इमानेइतबारे तसेच क्लास पाडले होते. कुणी थांबवलं नसतं तर ते आदिमायेचंही वय विचारून आलं असतं.

"डॉक्टर, पाचच मिनिटं," ती म्हणाली. स्कीमातला एक नियम सैल केला, क्लास पुन्हा पाडले. ताईंनी श्वास रोखून बटण दाबलं. पडद्याने मुकाट्याने पुढचा पेशंट मागितला.

दुपारपर्यंत रांग संपली. "उद्याही हेच चालू दे," डॉक्टर जाता जाता म्हणाले. धाकटी जमिनीपासून दोन बोटं वर चालू लागली.

"नेमकं केलंत काय?" साहेबांनी विचारलं.

"विशेष काही नाही. आई ऐच्छिक केली."

मागे बाकावर आई बसली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला सगळं धूसर दिसत होतं. ऐकू मात्र स्वच्छ येत होतं.

"ऐच्छिक काय? घरी चल," ती म्हणाली. "दिसायला लागलं की बघते तुझ्याकडे."