धुऱ्यावरचा डबा

"दोन वर्षं! दोन वर्षं झाले, भरपाईच्या यादीत माहं नाव नाही. सोयाबीन सडलं माहं, अन् यादीत नाव साऱ्या गावाचं!"

सकाळी सात वाजता शालिग्रामभाऊ काळबांडे ओट्यावर बसून हे चहाच्या कपाला सांगत होते. दुसरं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, हे इतक्यांदा ऐकलं होतं, की भाऊ कुठल्या वाक्याला मांडीवर थाप मारणार, हे त्यांना चुलीपाशी बसून कळायचं.

भाऊंचा राग खोटा नव्हता. पहिल्या वर्षी पंचनाम्याचं पथक गावात आलं, तेव्हा ते तालुक्याला गेले होते. पथक अजून का आलं नाही, हे खडसावून विचारायला. दुसऱ्या वर्षी ते घरीच होते. पण पथकातला माणूस "नुकसान साठ टक्के" म्हणाला मात्र, भाऊंनी त्याच्या हातातला कागद ओढला, तो फाटला, आणि फाटला तो नेमका त्यांचाच. यात चूक कोणाची हे गावाला ठाऊक होतं. भाऊंनाही ठाऊक होतं. सरकारची.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी पाऊस सलग सहा दिवस कोसळला आणि सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पथक आज येणार, उद्या येणार, असं चाललं होतं. भाऊंनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. पथक येईपर्यंत गाव सोडायचं नाही आणि कोणाशी भांडायचं नाही. त्यातली पहिली जमत होती.

अशात त्यांची भाची योगिनी पुण्याहून आली. किन्हीराजा गावाला जीपमधून उतरून, डांबर संपल्यावरचा मैलभर चिखल तुडवत आली, तेव्हा तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक काळं-पिवळं यंत्र होतं.

"हे काय वं?" भाऊंनी विचारलं.

"जीपीएस आहे मामा. आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत ते सांगतं. मोबाइलला रेंज नसली तरी याला काही फरक पडत नाही. हे थेट उपग्रहाकडून घेतं."

"मी कोठी उभा हाओ ते मले ठाऊक हाय. ते सरकारले सांगते का?"

योगिनीनं मग खेळ समजावून सांगितला. एक डबा कुठंतरी लपवायचा. त्या जागेचे आकडे या यंत्रानं मोजायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. मग ज्याला हौस असेल तो असंच यंत्र घेऊन येतो, डबा शोधतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा ठेवून निघून जातो.

"अन् भेटते काय त्याले?"

"सापडल्याचा आनंद."

"बस?"

"बस. पण लोक लांबून लांबून येतात मामा. जर्मनीहूनसुद्धा."

हे ऐकून भाऊ कप आदळून उठले. "पाह्य! जर्मनीचा मानूस माह्या धुऱ्यावर येऊ शकते, अन् तालुक्याचा मानूस येऊ शकत नाही!"

पण भाची लाडकी. तिला नाही म्हणवेना. दुपारी ते तिला शेतात घेऊन गेले. वरच्या धुऱ्यावर, जिथं भाऊंचं शेत संपतं आणि उदयसिंगचं सुरू होतं, तिथं मोहाच्या झाडाखाली शेतातून वेचलेल्या दगडांचा ढीग होता. योगिनीनं त्यात घट्ट झाकणाचा हिरवा डबा सरकवला. आत एक वही, एक पेन्सिल आणि येणाऱ्यासाठी एक किल्लीची साखळी. मग ती यंत्र हातावर धरून उभी राहिली. आकडा पक्का यायचा तर दहा मिनिटं जागेवरून हलायचं नसतं. डोक्याला टोपी, अंगात खिसेच खिसे असलेली पँट, नजर यंत्रावर. मधूनच ती डब्यातली वही काढून तिच्यात आकडे लिहून घेत होती.

पलीकडे उदयसिंग शेतातलं पाणी काढून देत होता. त्यानं फावडं टेकवलं आणि तो धुऱ्याशी आला.

"शालिग्रामभाऊ, म्याडम कोन होय?"

"भाची हाय माही."

"अन् मशीन?"

"खेळाची हाय."

"काय करून राह्यली?"

"डबा लपवून राह्यली."

चाळीस वर्षांचा शेजार होता. "सांगाचं नसन तं नोको सांगू भाऊ. पन खोटं तरी धड बोलत जाय," असं म्हणून तो फावडं उचलून गेला.

यात उदयसिंगचं तरी काय चुकलं? आजवर त्याच्या शेतात जो जो हातात यंत्र घेऊन उभा राहिला, तो एक तर मोजणीवाला होता, नाही तर पंचनाम्यावाला. ऐन नुकसानीच्या दिवसांत शहाणंसुरतं माणूस चिखलात दहा मिनिटं खेळायला उभं राहतं, यावर कोण विश्वास ठेवणार? शालिग्रामनं ओळख लावून स्वतःपुरता पंचनामा करून घेतला, हे त्यानं घरी पोचायच्या आत पाच जणांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता भाऊ अंघोळ, पूजा आटोपून शेतात गेले, तर मोहाखाली ही गर्दी! दगडांतला डबा बाहेर काढलेला होता आणि नावं लिहायला माणसं रांगेत उभी होती. बाया वेगळ्या रांगेत होत्या. उदयसिंग दगडावर बसला होता, त्याच्या मांडीवर वही होती आणि तो एकेकाला "गट नंबर बोल, पीक बोल" म्हणत होता. वहीत योगिनीनं लिहिलेल्या आकड्यांखाली पहिलं नाव त्याचंच होतं. 'उदयसिंग, गट १२१, सोयाबीन, नुकसान शंभर टक्के.' दुसऱ्यानंही शंभर लिहिले होते. तिसऱ्यानं मागं राहू नये म्हणून एकशे दहा.

"अबे येड्याहो!" भाऊ ओरडले. "हा खेळ हाय खेळ! जर्मनीचे लोक खेळतात!"

"मंग तुह्याच धुऱ्यावर काहून खेळतात?" रांगेतल्या भागिरथाबाईंनी विचारलं. "आमच्या धुऱ्यावर काटे हायेत का?"

भाऊंनी वही हिसकावून घेतली आणि वाचू लागले. पहिल्या पानावर बावीस नावं होती. सगळी गावातलीच. ज्याच्या शेतात यंदा पेराच नव्हता त्याचंसुद्धा नाव होतं. पान उलटायची गरज भाऊंना पडली नाही, तेवढ्यातच त्यांचं डोकं फिरलं. धुरा माझा, दगड माझे, भाची माझी आणि नाव साऱ्या गावाचं! हा खेळ आहे हे त्यांना ठाऊक होतं. पक्कं ठाऊक होतं. साऱ्या गावात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. पण दोन वर्षं यादीबाहेर काढलेल्या माणसासमोर यादी आली, की ती कशाची आहे हे त्याला दिसत नाही. त्यात आपण नाही एवढंच दिसतं.

"पेन्सिल आन इकडं."

"लाइनीत या भाऊ."

"माह्या धुऱ्यावर मीच लाइनीत?"

त्यांनी पेन्सिल ओढली आणि उदयसिंगच्या नावाच्या वर, जिथं जेमतेम बोटभर जागा होती तिथं, दाटीवाटीनं लिहिलं, 'शालिग्राम काळबांडे, गट ११८.' नंबर दिला शून्य.

"शून्य नंबर नसते," उदयसिंग चिडून म्हणाला.

"धुरा माहा हाय. शून्य बी माहाच."

यावर दोघांची जुंपली असतानाच योगिनी आली. डब्याचा फोटो काढायचा राहिला होता. तिनं डबा पाहिला आणि ती जागीच थबकली. डब्यात आधार कार्डांच्या झेरॉक्स होत्या, पासपोर्ट फोटो होते आणि पुरावा म्हणून प्रत्येकानं मूठमूठ टाकलेल्या, कोंब फुटलेल्या शेंगा होत्या. किल्लीची साखळी गेली होती. "हे काय केलंत तुम्ही? माझा डबा आहे हा! खेळ आहे! सरकारचा याच्याशी काही संबंध नाही!" असं ओरडताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊंनी घसा फोडून सांगितलं ते गावाला पटलं नव्हतं. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी पाहून पटलं. रांग मोडली. शेंगा सडल्या होत्या, त्यात ही थट्टा. कोणावर चिडावं हे क्षणभर कोणाला कळेना, मग सगळ्यांना एकदमच कळलं.

"शालिग्राम," भागिरथाबाई म्हणाल्या, "तुले ठाऊक होतं ना, खेळ हाय म्हून?"

"म्या तं आल्याबरोबर सांगतलं!"

"मंग तुवं काहून नाव लिहिलं?"

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सारी गर्दी हसायला लागली. उदयसिंग तर दगडावरून घसरला.

उत्तर नसलं की भाऊ अर्ज लिहीत. आजवर शंभरेक अर्ज लिहून त्यांचं सरकारी मराठी चांगलं पक्कं झालं होतं. ते तिथंच उकिडवे बसले आणि आपल्या नावासमोर, समासात वळवून वळवून, मोठ्यानं वाचत लिहू लागले. "मी, शालिग्राम काळबांडे, लिहून देतो की, माझे नाव या यादीत नजरचुकीने आले आहे. मला या यादीतून काहीएक नको. माझी कोणतीही तक्रार नाही." खाली लफ्फेदार सही, तारीख आणि वेळसुद्धा. "घ्या! झालं समाधान?"

तेवढ्यात चिखलातून मोटारसायकल फुरफुरत आली. कृषी सहायक हरीओम होते. पंचनाम्याला. पथकातले बाकीचे दुसऱ्या गावांना गेलेले, आणि संध्याकाळपर्यंत एकट्यानं तीन गावं उरकायची होती. रोजचा अनुभव असा, की गावात पोचावं तर निम्मे लोक बाजाराला गेलेले आणि उरलेल्यांना आपला गट नंबर ठाऊक नाही. इथं पाहतात तर सारं गाव एका धुऱ्यावर! वहीत नावं आहेत, गट नंबर आहेत, पिकं आहेत, डब्यात कागदपत्रं आहेत, नमुने आहेत. वर जागेचे आकडेसुद्धा मोजून ठेवले आहेत.

"सात वर्षं झाली नोकरीला," ते म्हणाले, "असं गाव पाहिलं नाही. आता याच क्रमानं शेतं पाहून घेतो आणि माझी यादी करतो."

"अहो, पण ती वही माझी—" योगिनी बोलू लागली. उदयसिंगनं तिला हातच जोडले.

हरीओम वाचू लागले. "शून्य. शालिग्राम काळबांडे. अरे वा, यांनी तर लिहून दिलंय. काहीएक नको. कोणतीही तक्रार नाही. काका, तुमच्यासारखा शेतकरी मिळत नाही हो!"

"ते... ते तसं नाही साहेब! ते खोडा! माहं सारं पीक सडलं!"

"खोडायला काय, खोडलं असतं. पण तुम्ही नुसतं नाव नाही लिहिलं, सही करून लिहून दिलंय. वेळसुद्धा टाकली आहे. उद्या वरून विचारलं तर मी काय सांगू?"

"अहो, ही यादीच खरी नाही! हा तं—"

भाऊंनी मान वर केली. आताच फिदीफिदी हसणारी चाळीस तोंडं पांढरी पडली होती. खेळ हा एक शब्द उच्चारला असता, तर साहेबांनी वही मिटली असती, पुन्हा पहिल्यापासून एकेकाला शोधलं असतं आणि दोन गावं उरलेली असताना ते या गावात परत कधी आले असते, हे कोणी सांगावं? बोलायचा हक्क भाऊंना होता. राग तर साऱ्या जन्माचा होता. भागिरथाबाईंची फाटकी पिशवी आणि तिच्यातून डोकावणारा सातबारा त्यांना दिसला.

"हा तं काय?" हरीओमनं विचारलं.

"काही नाही साहेब," भाऊ म्हणाले. "वाचा पुढं."

त्यांना स्वतःचा असा संताप आजवर कधी आला नव्हता. ते मोहाच्या बुंध्याला टेकून बसले. नावांवर नावं जात होती. पहिलं पान संपलं, दुसरं उलटलं. प्रत्येक नावाला कोणीतरी "हाओ साहेब" म्हणत होतं. भाऊ समोरच्या सडक्या सोयाबीनकडे पाहत होते.

"एकतीस. मनकर्णाबाई शालिग्राम काळबांडे, गट ११८."

"हाओ साहेब," बायांच्या घोळक्यातून आवाज आला.

भाऊ ताडकन उठले. हरीओमनं वही मागं-पुढं चाळली. "एकशे अठरा तर काकांचाही आहे."

"सातबाऱ्यावर दोघायचंही नाव हाये," मनकर्णाबाई पदर सावरत पुढं आल्या आणि त्यांनी घडी घातलेला उतारा साहेबांच्या हातात दिला. "यायले नसन पाह्यजे तं नसो. मले पाह्यजे."

"तुवं कवा लिहिलं?" भाऊंनी विचारलं.

"तुमी आंघोळीले गेले तवा."

"अवं, पन काहून? मी होतो ना लिहाले!"

"तुमी होते म्हनूनच लिहिलं."

हरीओमनं उताऱ्यावर नजर टाकली, मान डोलावली आणि नावापुढं खूण केली. "ठीक आहे. हे शेत जवळच आहे, इथूनच सुरू करू. दाखवायला सोबत कोण येतंय?"

भाऊ चप्पल चढवून पुढं झाले. मनकर्णाबाई त्यांच्याही पुढं झाल्या.

"हे येतीन साहेब," त्या म्हणाल्या. "पन बोलन मी."