निळ्या कादंबरीवरचा शेरा

शकूताई गायकवाड आमच्या वाचनालयातून कादंबरी नेतात आणि परत आणतात, तेव्हा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने निकाल लागलेला असतो. नायक : रिजेक्ट. कारण : आईपुढे तोंड उघडत नाही. नायिका : रिवर्क. कारण : रडण्यात चार प्रकरणं वाया. खाली सही, श. गायकवाड.

ताई वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होत्या. पुढ्यात आलेला पार्ट तपासायचा आणि शेरा मारायचा. चांगला असेल तर पास, दुरुस्त होण्याजोगा असेल तर रिवर्क, भंगारात जायचा असेल तर रिजेक्ट. त्या रिटायर झाल्या आणि माझ्याकडच्या प्रेमकथांची कंबख्ती भरली.

डोंबिवलीत मानपाडा रोडला मी हे वाचनालय चालवते. पुस्तकावर लिहू नये, अशी पाटी माझ्याच अक्षरात भिंतीवर आहे. सुरुवातीला मी फार चिडायचे. एकदा तर खोडरबर घेऊन बसलेले. पण बाकीच्या बायका पुस्तक हातात घेतलं की आधी मागचं पान उघडायला लागल्या, ताईंनी पास केलेल्या पुस्तकांसाठी नंबर लावायला लागल्या, तेव्हा मी गप्प बसले.

माझ्याकडे एक जुनी कादंबरी आहे. नावाचं पान गेलेलं, बायंडिंग निळं, म्हणून सगळ्या तिला निळीच म्हणतात. तिच्यातली मालती घरातली थोरली. बापाला अर्धांगवायू, पाठची तीन भावंडं. तिच्यावर जीव असलेला शिक्षक बदली होऊन निघतो, तिला चल म्हणतो, आणि ही नाही म्हणते. दहा वर्षांनी तो तिच्यासाठी तसाच थांबलेला भेटतो. बायका इथे ढसाढसा रडतात. ताईंचा शेरा वेगळाच होता. नायिका : पास. नायक : रिजेक्ट. कारण : दहा वर्षं टिकेल असा माल येत नाही.

मी वाचून हसलेले. मग कधीतरी कळलं, की ताईंचे बाबा अंथरुणाला खिळलेले असताना कारखान्यातच असेंब्लीला असलेल्या एकाला त्यांनी असंच नाही म्हटलं होतं, आणि वर्षाच्या आत तो दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. त्यानंतर त्या शेऱ्यावर मला हसू आलं नाही.

ताईंनी लग्न केलंच नाही. भाऊ-वहिनी गेल्यावर त्यांची मुलगी अस्मिता ताईंकडेच वाढली. ताईंचे गुडघे बिघडल्यापासून दर शनिवारी पुस्तकं बदलायला तीच यायची. गेल्या वर्षी एका शनिवारी ती पुस्तक बदलून तशीच काउंटरशी उभी राहिली. मी विचारलं, तर म्हणाली, निखिलला नकार दिला. निखिल तिच्या ऑफिसमधला, चार वर्षांची ओळख, भला मुलगा. त्याला हैदराबादला नोकरी लागलेली आणि लग्न करून दोघांनी तिकडे जावं असं त्याचं म्हणणं. आत्याला एकटीला टाकून मी कशी जाऊ, असं ती मलाच विचारत राहिली. वर आत्याला यातलं काही सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली.

मी शपथ पाळली नाही. सोमवारी ताईंना फोन करून सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे, अस्मितालाही माहीत असणारच.

ताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की निळी जागेवर आहे का. पाऊण तासाने स्वतः आल्या, एकेका पायरीवर दम घेत. घामही न पुसता निळी मागून घेतली आणि खिडकीपाशी बसून संध्याकाळपर्यंत वाचत राहिल्या. प्रत्येक ओळीवरून बोट फिरत होतं. मी ठेवलेला चहा गार झाला.

मग त्यांनी मागचं पान उघडलं. मी खोडरबर पुढे केलं, तर म्हणाल्या, निकाल खोडायचा नसतो. वर एक रेघ मारायची, खाली नवा लिहायचा आणि दुसऱ्या माणसाची सही घ्यायची. एकट्याच्या सहीने निकाल बदलत नाही.

त्यांनी मालतीच्या पासवर रेघ मारली आणि लिहिलं, रिवर्क. कारण : बापाने थांब म्हटलेलं एकाही पानावर नाही.

"सगळं पुस्तक तपासलं," त्या म्हणाल्या. "तिला कोणी थांब म्हटलं नाही आणि तिनेही कोणाला विचारलं नाही. आमच्या बाबांनी पण मला कधी थांब म्हटलं नव्हतं, सुनीता. मी आपलं धरून चालले. आणि मग जन्मभर त्यांचं करताना मनात यायचं, तुमच्यामुळे. त्यांना कळायचं गं ते."

मी सही केली. ताईंनी तारीख घातली आणि निळी पिशवीत टाकून घरी गेल्या.

पुढचं अस्मिताने सांगितलं. आत्याने ते पान उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "मी तुला थांब म्हटलंय का?" अस्मिता नाही म्हणाली. "मग माझं नाव पुढे करू नकोस. तुलाच तो नको असेल, तर तसं सांग त्याला." अस्मिताने तिथूनच निखिलला फोन लावला.

लग्न बुद्धविहाराच्या हॉलमध्ये झालं, साधंच. ताईंनी निखिलला तीनदा आपादमस्तक न्याहाळून पास केलं. जिलेबीला मात्र रिवर्क दिला.

अस्मिता हैदराबादला गेली, तेव्हापासून शनिवारी मीच पुस्तकं पोचवते. पहिल्या शनिवारी गेले, तर ताईंनी दोघींचा चहा करून ठेवलेला. नव्या कादंबरीतल्या नायकाला नेहमीसारखं फाडून खाल्लं. मग कप बाजूला ठेवला.

"रिक्षात बसताना तिने मागे वळून बघितलं," त्या म्हणाल्या. "थांब, असं अगदी ओठांवर आलेलं. म्हणून आत जाऊन कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत बाहेर आलेच नाही."

चार वाजत आले होते, वाचनालय उघडायचं होतं. मी पिशवी उचलली, दाराशी जाऊन चपला घातल्या.

"सुनीता," ताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "थांब ना जरा."

बायका जिन्यात ताटकळत असतील, असं मनात आलं. मी चपला काढल्या.