आवरलेलं तळं

पाहुणे येणार असले की घर आवरावं, हे ज्याला कळतं तो व्यवस्थित माणूस. आणि तळंही आवरावं, हे ज्याला सुचतं तो आमच्या समितीचा अध्यक्ष.

वाघोलीजवळच्या आमच्या चिमुकल्या निसर्ग राखीव क्षेत्रात दरवर्षी पावसाळा सरला की ‘सहकुटुंब तळे-निरीक्षण’ होतं. मुलांनी तळ्यात जाळी फिरवायची, हाती लागेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं, वळवळणारे जीव भिंगातून पाहायचे आणि सुखरूप परत सोडायचे. (‘पालकांनी मुलांच्या हातून जाळी काढून घेऊ नये’ अशी पाटी आहे. पालक ती मोठ्याने वाचून दाखवतात आणि जाळी काढून घेतात.)

यंदा खुद्द नारायण पेठेतून कुटुंबं येणार म्हटल्यावर अध्यक्ष श्यामसुंदररावांनी तळ्याची पाहणी केली. तळ्यात गाळ, शेवाळ आणि कुजकी पानं आढळून आली. असल्या पाण्यात लोकांच्या मुलांनी हात घालायचे? समितीने गाळ उपसला, शेवाळ खरवडलं आणि जंतू मारायला विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर सढळ हाताने टाकली. सर्व काही एकमताने. (म्हणूनच लक्षात राहिलं.) पाणी इतकं नितळ झालं की खजिनदारांचा गेल्या वर्षी पडलेला चष्मा तळाशी दिसला.

रविवारी सगळ्यांत आधी आली सात वर्षांची नीरजा. मागच्या भेटीत तिने इथे चतुराचं पिल्लू पाहिलं होतं. उडणारा चतुर लहानपणी पाण्यात राहतो, हे तिच्या आजोबांना, म्हणजे आप्पासाहेबांना, मुळीच पटत नव्हतं. म्हणून पुरावा दाखवायला तिने त्यांनाच ओढून आणलं होतं.

तिने जाळी फिरवली. ट्रेमध्ये पाणी आलं. पुन्हा फिरवली. पुन्हा पाणीच.

“पाणी छान आहे,” आप्पासाहेब म्हणाले. “घरी नळाला येतं तसंच.”

“अध्यक्षकाका, माझं पिल्लू कुठे गेलं?”

“अगं, तळं स्वच्छ केलंय ना आपण.”

“आधी घाण होतं?”

“मग? आधी त्यात किडे होते.”

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. “होते म्हणता? पटलं मला. चल नीरजा, तू जिंकलीस.”

जिंकलेली नीरजा रडू लागली. जाताना तिने समितीच्या ऑफिसबाहेरच्या कुंडीखालच्या ताटलीत रागाने जाळी बुडवून ट्रेमध्ये झटकली, आणि ट्रे वळवळू लागला. डासांच्या अळ्या. “माझं पिल्लू हेच खायचं,” ती म्हणाली.

कार्यक्रम वाचला. सर्व कुटुंबांनी ताटलीसमोर रांग लावली, फोटो काढले, आणि नियमाप्रमाणे सर्व जीव सुखरूप परत सोडण्यात आले. श्यामसुंदरराव सध्या तापाने झोपून आहेत.

ज्यांचं येणं हुकलं त्यांनी हळहळू नये. आपल्या गॅलरीतल्या कुंड्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीखालची बादली, सगळीकडे निरीक्षणाची सोय आहे. हे वाचता वाचता आपण दोनदा घोटा खाजवलात, त्यावरून आपलं राखीव क्षेत्रही उत्तम सांभाळलेलं दिसतं.