तारोपाम्पातलं प्रमाणित निशाण

परंपरा ही अत्यंत नाजूक चीज असून ती पाळणाऱ्या लोकांपासून तिचं वेळीच रक्षण करावं लागतं. बोलिव्हियाच्या कोचाबाम्बा खोऱ्यात हे तत्त्व पहिल्यांदा ओळखलं ते तारोपाम्पा गावच्या ‘प्रवाशांकरिता पारंपरिक खाद्यपेय प्रमाणीकरण समिती’ने. समितीवर सात सदस्य होते. सातही जण बिअर पीत, त्यामुळे चिचाबद्दलचं त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं.

चिचा म्हणजे मक्याची आंबवलेली दारू. ती तयार झाली की दारावर काठीला पांढरं फडकं लावायचं, ही खोऱ्याची रीत. फडकं दिसलं तर लोक आत शिरतात, नाही दिसलं तर पुढे जातात. डेल्फिनाबाई ओरेयाना यांच्या दारावर ते आधी आजीने लावलं, मग आईने, आणि गेली एकतीस वर्षं खुद्द बाईंनी. एवढ्या काळात फडकं लावायला परवानगी लागते हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही, यावरून गाव किती मागासलेलं होतं ते ध्यानात यावं. समितीने फर्मान काढलं: प्रमाणपत्राविना निशाण आढळल्यास काठीसह जप्त. तपासणी पुढच्या सोमवारी.

निशाण गेलं तर दुकान गेलं, हे तर उघडच होतं. पण बाईंना जास्त काळजी लागली ती तोरिबियो तातांची. ताता एक्याऐंशी वर्षांचे, बायको जाऊन बारा वर्षं झालेली, रोज दुपारी बाईंच्या बाकावर येऊन बसत. चिचा एकट्याने प्यायची नसते. भोपळ्याची वाटी भरायची, समोरच्याला ‘तुमच्या नावाने’ म्हणायचं, आपण रिकामी करायची आणि मग भरून त्याच्या हाती द्यायची. तातांना ‘तुमच्या नावाने’ म्हणणारं माणूस साऱ्या जगात फक्त त्या बाकावर भेटत असे. (समितीच्या अर्जात यासाठी रकाना नव्हता.)

सोमवारी समितीचे तपासनीस उर्किदी साहेब आले. बगलेत फाइल, गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट.

“बाई, मका तोंडाने चावता ना?”

“नाही साहेब. मोड आणायचे, वाळवायचे, दळायचं. आईपण असंच करायची.”

“म्हणजे परंपरा तुमच्या आईनेच बुडवली म्हणायची.” साहेबांनी टिपून घेतलं. “आमच्या माहितीपुस्तिकेत बायका चिचा आंबवायला मका चावून थुंकताना दाखवल्यात. रंगीत फोटो आहे.”

“मग चावते की. चारच दात राहिलेत, पण चावते.”

“चावायचं, पण वापरायचं नाही. आरोग्य खात्याची मनाई आहे.”

“मग चावलेल्याचं करायचं काय?”

“प्रवासी गेले की डुकरांना घाला,” साहेब म्हणाले. “आणि चार दातांचं कसं जमणार, बाई? फोटो येतात. आम्ही शहरातून एक मुलगी पाठवू. दंतवैद्यकीला आहे.”

यानंतर साहेबांनी बाकीचे निकष वाचून दाखवले, आणि ते किती बारकाईने तयार केले होते ते पाहून कोणीही थक्क व्हावं. पहिले चार थेंब धरणीमातेला वाहायचे ही रीत जपायलाच हवी, मात्र जमिनीवर सांडणं अस्वच्छ असल्याने आधी फरशी बसवायची आणि मग एक फूट बाय एक फुटाचा मातीचा ट्रे ठेवायचा. माती समिती पुरवील (भाजून). मिरची-टोमॅटोचा ठेचा पाट्यावरच वाटायचा, पण मिरची रंगापुरती. प्रवाशाला तिखटाची भावना द्यावी, तिखट देऊ नये. चिचा उकळून थंड करावी, गोड असावी, आणि तिच्यात दारू असू नये. वाटी प्रत्येकाला स्वतंत्र, कागदात गुंडाळलेली. म्हणजे रीत वाटीपुरती राहिली, आणि ‘तुमच्या नावाने’ म्हणायचं कारणच उरलं नाही.

“आणि हे गृहस्थ?” साहेबांनी बाकाकडे पेन रोखलं.

“तोरिबियो ताता. रोजचे आहेत.”

“नियमानुसार तीन स्थानिक चालतील. पण हे स्थानिक वाटत नाहीत.” तातांच्या डोक्यावर खतवाल्याने फुकट वाटलेली हिरवी टोपी होती.

“अहो, याच गल्लीत जन्मलेत ते.”

“प्रश्न जन्माचा नाही बाई, दिसण्याचा आहे.”

“मग मी कुठला दिसतो तेवढं सांगा,” ताता म्हणाले, “तिकडे जाऊन बसतो.” आणि माणूस दारात आला आहे तर रीत मोडायला नको म्हणून त्यांनी वाटी भरली, “तुमच्या नावाने, साहेब,” म्हणत रिकामी केली आणि पुन्हा भरून पुढे धरली.

साहेबांनी हात मागे घेतला. ते म्हणाले, “कामावर आहे.” खोऱ्यात भरलेली वाटी नाकारणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटणं. तातांनी ती वाटी हळूच जमिनीवर ओतली, टोपी सारखी केली आणि निघून गेले. बाईंना त्या दिवशी इतका संताप आला की त्यांनी साहेबांशी फार गोड बोलून सगळं कबूल केलं.

प्रमाणपत्र मिळालं. शंभरात सत्त्याण्णव गुण. (तीन गुण गेले, कारण एका मडक्यातला माल चुकून आंबला होता.) निशाण दिमाखात फडकू लागलं, आणि त्याखाली चिचा सोडून सर्व काही मिळू लागलं. बाकावर पोंचोच्या लोकरी झुली घातलेले तीन स्थानिक बसले. तिघे शहरातल्या नाटक मंडळीतले होते. समितीच्या पाहणीत चौऱ्याण्णव टक्के प्रवाशांनी ‘आम्हाला अस्सलच हवं’ असं नोंदवलं. त्यांतल्या एक्याण्णव टक्क्यांनी वाटी अर्धी टाकली, आणि दोघांनी ती मातीच्या ट्रेमध्ये ओतली. त्यांची भक्ती पाहून समितीने समाधान व्यक्त केलं.

ताता आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी बाईंच्या परसात, मागच्या गल्लीकडच्या दोरीवर, एक जुना ठिगळाचा ॲप्रन उलटा टांगलेला दिसला. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत परसातलं बाक भरलं, आणि हिरवी टोपी ठरल्या कोपऱ्यात आली.

“आलात?” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, पोंचो शिवायला टाकलात.”

“शिंपी म्हणाला, तुम्ही स्थानिक वाटत नाही.”

“घ्या. तुमच्या नावाने, ताता.” बाईंनी वाटी रिकामी केली, भरली आणि दिली. तातांनी पहिले थेंब मातीत सांडले, खऱ्याखुऱ्या, न भाजलेल्या.

हे चार महिने टिकलं. मग एका चाणाक्ष प्रवाशाने मागची गल्ली शोधून काढली आणि आपल्या नऊ हजार चाहत्यांना कळवलं: पुढच्या दाराने जाणारे मूर्ख, खरे जाणकार ॲप्रन बघतात. महिन्याभरात मागच्या गल्लीत रांग लागली. बाकावर जागा मिळेना; ताता दोनदा आले आणि उभ्यानेच परत गेले. समितीने तातडीने ॲप्रनची लांबी-रुंदी ठरवून दिली, ठिगळ सक्तीचं केलं आणि स्थानिकांचा पारंपरिक वेश म्हणून हिरवी टोपी जाहीर केली. उर्किदी साहेब स्वतः तातांच्या घरी गेले आणि मानधनावर बसायची विनंती केली.

“कामावर आहे,” ताता म्हणाले.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी जागा बदलली, खूणही बदलली. ती खूण तारोपाम्पात सगळ्यांना ठाऊक आहे, ताता रोज वेळेवर पोचतात, आणि त्यांना वाटी भरून द्यायला कोणी ना कोणी असतंच.

खूण काय आहे, ते इथे लिहिलेलं नाही. मायबाप वाचकांपैकी चौऱ्याण्णव टक्के एव्हाना मागच्या ओळी पुन्हा चाळत असतील, आणि त्यांतला प्रत्येक जण म्हणत असेल की मी काही त्या प्रवाशासारखा नाही, मला सांगायला काय हरकत आहे. त्या सर्वांची सोय पुढच्या दाराने केलेली आहे. निशाण लांबूनच दिसतं, वाटी कागदात गुंडाळलेली मिळते, आणि मातीचा ट्रे आत शिरताच उजव्या हाताला आहे.