चाळीस गोगलगायी

विज्ञानाच्या बाईंनी आलेख आधी छापून घेतला आणि प्रयोग नंतर सुरू केला. प्रदर्शन तोंडावर आलं की फ्लेक्सवाला कुणालाच दाद देत नाही, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. फ्लेक्सवर डावीकडे ऊर्जेची साखळी होती: सूर्य, पाणवनस्पती, गोगलगाय. उजवीकडे आलेख. गोगलगायी भराभर वाढतात आणि अन्न पुरेनासं झालं की चाळीसवर येऊन थांबतात. काचेच्या टाकीत हिरवळ किती, याचा हिशोब करून बाईंनीच हा आकडा काढला होता. शाळेतर्फे हा एकच प्रयोग जाणार होता, आणि बाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती.

टाकी बाईंच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. गोगलगायी चाळीस झाल्या, साठ झाल्या आणि एका सकाळी त्र्याण्णव भरल्या. ऊन तेवढंच, हिरवळ तेवढीच, मग ही ऊर्जा येतेय कुठून? बाई पुरत्या चक्रावल्या. त्यांनी नवऱ्याला मोजायला बसवलं, तर त्याच्या पंच्याण्णव भरल्या. दोन त्याने दोनदा मोजल्या होत्या. गोगलगायसुद्धा त्याच्यापेक्षा चपळ निघाली.

शेवटी पाण्यावर तरंगणाऱ्या काकडीच्या सालीने उलगडा केला. सासूबाई रोज भाजी चिरता चिरता टाकीत साली सोडत होत्या.

"आई, बाहेरचं काही घालायचं नाही त्यांना," बाई म्हणाल्या.

"अगं, पोटाला कमी पडलं तर मरतील की."

"मरतील थोड्या. तेच तर दाखवायचंय."

एवढी शिकलेली, मुलांना शिकवणारी बाई असं बोलते, हे सासूबाईंच्या पचनी पडेना. तरी त्यांनी शब्द दिला आणि पाळलाही. त्या दिवसापासून टाकीत सालीचा कपटा पडला नाही.

आकडा उतरू लागला. ऐंशी, एकसष्ट, मग चाळीस. आणि चाळीसवरच राहिला, अगदी फ्लेक्सवर छापल्यासारखा. बाईंना आनंद झाला आणि कोडंही पडलं, कारण तळाशी मेलेल्या गोगलगायीचा एकही शंख नव्हता. पण यश पदरात पडल्यावर फार खोलात शिरू नये, म्हणून त्या गप्प बसल्या.

प्रदर्शनात परीक्षक मात्र खोलात शिरले. टाकीभोवती दोन फेऱ्या मारून, नोंदवही चाळून त्यांनी विचारलं, "त्रेपन्न मेल्या ना? मग शंख कुठायत?"

काहीतरी सांगायला बाईंनी तोंड उघडलं, तोच मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या.

"मेल्या नाहीत हो, वाटल्या मी. हिला चाळीसच हव्या होत्या आणि खायला घालायची बंदी. मग जिथे पोटभर मिळेल तिथे दिल्या, थोड्या हिरवळीसकट."

गेली नोकरी, बाईंनी मनाशी म्हटलं. परीक्षकांचं पेन हातातच थांबलं.

"कुणाला दिल्या?"

"आम्ही सकाळी फिरायला जातो ना, त्या मैत्रिणींना. तुमच्या मिसेसनी आठ नेल्या."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. मग फ्लेक्सवरच्या आलेखाच्या आडव्या रेषेवर बोट ठेवून ते बाईंच्या कानाशी वाकले.

"आज सकाळी आमच्याकडे एकशे दहा होत्या. बाई, ही रेघ आडवी नक्की कधी होते?"